हरणाच्या तोंडातली डहाळी

जर्मनीतला जुन्या वळणाचा शिकारी हरीण पडल्यावर आधी टोपी काढतो. मग जनावराला उजव्या कुशीवर ठेवतो, जवळच्या ओकची नाहीतर पाइनची छोटी डहाळी मोडतो आणि ती त्याच्या तोंडात ठेवतो. या डहाळीला त्यांच्या भाषेत ‘शेवटचा घास’ म्हणतात. दुसरी डहाळी हरणाच्या रक्ताला लावून बंदूक चालवणाऱ्याला देतात. तो ती टोपीच्या उजव्या बाजूला खोचतो. जखमी हरीण शोधायला माग काढणारा कुत्रा लागला असेल, तर या डहाळीचा एक तुकडा त्याच्या पट्ट्यात खोचला जातो. दिवसभरात मारलेली जनावरं संध्याकाळी ओळीने मांडतात, प्रत्येक जातीसाठी शिंगावर वेगळी धून वाजते, आणि त्या ओळीवरून कुणी ओलांडून जात नाही.

मृताच्या मुखात तुळशीपत्र ठेवणाऱ्या माणसाला यातला भाव समजायला वेळ लागत नाही. मलाही लागला नाही. शिकार मला आवडत नाही, तरीही जीव घेतल्यावर क्षणभर थांबून त्या जिवाची दखल घ्यावी, हे मला माणूसपणाचं लक्षण वाटलं होतं. म्हणूनच ज्या माणसाने हे सारे विधी गोळा करून, तपासून, नियमांच्या रूपात लिहून काढले त्याचं चरित्र वाचायला घेतलं, आणि ते वाचल्यापासून ती डहाळी मला पूर्वीसारखी दिसत नाही.

त्याचं नाव वाल्टर फ्रेव्हर्ट. पेशाने वनाधिकारी, छंदाने आणि कीर्तीने शिकारी लेखक. जर्मन शिकारी जगात आजही त्याचं नाव आदराने घेणारे आहेत आणि त्याचं नाव ऐकताच मान फिरवणारेही आहेत. अशा माणसाच्या लेखनाचं, त्याने घालून दिलेल्या रीतींचं आणि त्याच्या जंगलप्रेमाचं पुढच्या पिढ्यांनी काय करायचं, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे. तो वरवर जर्मनांचा घरगुती प्रश्न आहे. पण जंगलावर प्रेम करणाऱ्या आणि जंगलावरची पुस्तकं वाचून मोठं झालेल्या कुणालाही तो टाळता येईल असं मला वाटत नाही.

फ्रेव्हर्टचा जन्म 1897 साली वेस्टफालियातल्या हाम गावचा. पहिल्या महायुद्धात लढून आल्यावर त्याने वनशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि हेसेमधल्या बाटेनबेर्ग इथे वनाधिकारी म्हणून काम केलं. तिथल्या वर्षांत त्याचे दोन ध्यास पक्के झाले. एक, हान्नोव्हर जातीचे माग काढणारे कुत्रे. दुसरा, शिकाऱ्यांच्या रीतीभाती आणि त्यांची बोली. ही बोली म्हणजे एक स्वतंत्र जग आहे. जखमी जनावराच्या रक्ताला रक्त म्हणायचं नाही, ‘घाम’ म्हणायचं. हरणाच्या डोळ्यांना ‘दिवे’ म्हणायचं, सशाच्या कानांना ‘चमचे’. आपल्याकडे कोळ्यांची, गुराख्यांची, पारध्यांची खास बोली असते तशीच ही, फक्त तिच्याभोवती दरबारी डौल आलेला. 1936 साली फ्रेव्हर्टचं शिकारी रीतीभातींवरचं पुस्तक बर्लिनहून निघालं. कुठल्या पाच झाडांच्या डहाळ्या चालतात, ती कुठल्या बाजूने खोचायची, कुठल्या प्रसंगी कोणती धून, हे सगळं त्यात होतं. त्यातल्या काही प्रथा शतकांपूर्वीच्या होत्या, काही एखाद्या प्रांतापुरत्या, काही नव्याने बसवलेल्या. पुस्तकात आल्यावर सगळ्या सारख्याच जुन्या दिसू लागल्या. आज एखादा तरुण जर्मन शिकारी ‘आमच्या पूर्वजांची परंपरा’ म्हणून जे करतो त्यातलं बरंचसं या पुस्तकाने घडवलेलं आहे.

पुस्तक निघालं तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. 1934 च्या जुलैत जर्मनीत देशभराचा एकच शिकार कायदा आला होता. त्याआधी प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा असे. हा कायदा हरमन गोअरिंगच्या नावाने ओळखला जातो. नाझी राजवटीतला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, विमानदलाचा प्रमुख, आणि शिवाय साऱ्या राष्ट्राचा मुख्य शिकारी व मुख्य वनाधिकारी, अशी पदं त्याने स्वतःकडे घेतली होती. पण त्या कायद्यामागचा विचार सगळा त्याचा नव्हता. उल्रिश शेर्पिंग नावाच्या वनाधिकाऱ्याचा त्यात मोठा हात होता, आणि शेर्पिंगने याआधी प्रशिया या जर्मन राज्याचे समाजवादी पंतप्रधान ओटो ब्राउन यांच्याबरोबरही शिकारीच्या प्रश्नांवर काम केलं होतं. ब्राउन स्वतः शिकारी होते. शिकाऱ्याने परीक्षा द्यावी, दरवर्षी किती जनावरं मारायची याचा आराखडा असावा, हरणांवर छऱ्यांचा बार टाकू नये, या मागण्या नाझींच्या कितीतरी आधीपासून होत होत्या. लोकशाही प्रक्रियेत त्या अडकल्या होत्या. हुकूमशाहीने एका फटक्यात मंजूर केल्या. युद्धानंतर 1952 साली पश्चिम जर्मनीने केलेल्या कायद्यात त्यातल्या पुष्कळ तरतुदी राहिल्या. हा तपशील मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे ‘सगळंच जाळून टाका’ असं म्हणणाऱ्यांशीही मला वाद घालायचा आहे.

पुस्तक निघालं त्याच सुमारास फ्रेव्हर्टला रोमिन्टेनला बोलावणं आलं. पूर्व प्रशियाच्या टोकाला, त्या वेळच्या लिथुआनियाच्या आणि पोलंडच्या सरहद्दीजवळ, सुमारे 25 हजार हेक्टरचं हे जंगल. स्प्रूसची दाट राई, दलदली, मधून वाहणारी छोटी नदी. कैसर दुसरा विल्हेल्म दर शरद ऋतूत इथे यायचा. त्याने 1891 मध्ये नॉर्वेच्या धर्तीचं लाकडी शिकारगृह बांधलं होतं, पुढे शिकाऱ्यांच्या संताच्या नावाने एक लाकडी चर्चही. तांबड्या हरणांसाठी, म्हणजे आपल्या सांबराच्या युरोपातल्या भाऊबंदांसाठी, हे जंगल साऱ्या जर्मनीत प्रसिद्ध होतं. सप्टेंबरच्या अखेरीस नर माजावर येतात तेव्हा पहाटेच्या धुक्यातून त्यांचं डुरकणं मैलभर ऐकू जायचं. गोअरिंगला हे जंगल हवं होतं आणि 1936 मध्ये त्याने तिथे स्वतःचं शिकारगृह उभारलं. फ्रेव्हर्ट थोड्याच वर्षांत त्या सगळ्या जंगलाचा प्रमुख झाला.

त्याचं काम काय होतं, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. वर्षभर तो आणि त्याचे रक्षक एकेका नराचा मागोवा ठेवत. दरवर्षी गळून पडलेली शिंगं वेचत, त्यावरून त्या नराची वाढ मोजत, त्याला नाव देत. थंडीत चाऱ्याची सोय करत. शिंगांची घडण कमी प्रतीची वाटली तो नर लवकर मारायचा. भरदार शिंगांच्या नराला पिकू द्यायचं, आणि तो ऐन भरात आला की त्याच्यावर गोळी झाडण्याचा मान गोअरिंगला किंवा त्याच्या पाहुण्याला द्यायचा. 1937 साली बर्लिनला आंतरराष्ट्रीय शिकार प्रदर्शन भरलं, तिथे हाच शिंगांचा संप्रदाय राष्ट्राच्या वैभवासारखा मांडला गेला. चांगलं मूळ राखायचं, वाईट छाटायचं, वाण सुधारायचा: हरणांविषयी वापरले जाणारे हे शब्द त्याच वर्षांत त्याच देशात माणसांविषयीही वापरले जात होते. मी असं म्हणत नाही की हरणांच्या निवडीतून माणसांची निवड सुचली. पण एकाच सकाळी दोन्ही ठिकाणी तेच शब्द वाचणाऱ्या माणसाला त्यांची सवय झाली असणार, हे मला नाकारता येत नाही. शिवाय तो विचार प्राण्यांच्या बाबतीतही कच्चाच होता. शिंगांचा आकार नुसत्या वंशावर ठरत नाही. वय, चारा, कळपातली दाटी यांचा त्यात मोठा वाटा असतो. आणि शिंगांसाठी पोसलेल्या भरमसाट हरणांनी रोपं खाऊन टाकल्यामुळे जंगल नव्याने उगवत नाही, याचा त्रास जर्मन वनखातं आजही भोगतं आहे. ‘आधी वन की आधी वन्यप्राणी’ हा तिथला वाद अजून चालूच आहे.

इथवर फ्रेव्हर्ट म्हणजे एका दुष्ट सत्ताधाऱ्याच्या पदरी असलेला कुशल वनाधिकारी. असे हजारो होते. त्याची गोष्ट वेगळी होते ती 1941 च्या उन्हाळ्यात, आणि रोमिन्टेनपासून दक्षिणेला असलेल्या दुसऱ्याच एका जंगलात.

बियाओव्हिएझा हे युरोपातल्या सखल प्रदेशातलं मोठं आदिम अरण्य. पोलंडच्या राजांनी, नंतर रशियाच्या झारांनी ते शिकारीसाठी राखलं म्हणून ते उरलं. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने ते घेतलं, तेव्हाही त्याचा कारभार एका जर्मन वनाधिकाऱ्याकडेच, गेओर्ग एशेरिशकडे होता. त्या तीन वर्षांत तिथे रेल्वेचे रूळ पडले, करवतीचे कारखाने उभे राहिले आणि अफाट झाडं तुटली. युद्धाच्या धुमाळीत तिथला गवा, युरोपातला तो विसेंट, संपला; तिथल्या मोकळ्या रानातला शेवटचा 1919 मध्ये गेला. पुढे पोलंडने तिथे राखीव क्षेत्र केलं, 1929 पासून बंदिवासातले विसेंट आणून पुन्हा पैदास सुरू केली. आणि या अरण्याच्या आत, मोकळ्या माळांवर, गावं होती. पोलिश, बेलारूसी, ज्यू माणसं. लाकूडतोडे, गवत कापणारे, मधमाश्या राखणारे, दुकानदार.

जून 1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर चढाई केली आणि काही दिवसांतच हे अरण्य जर्मनांच्या हाती आलं. गोअरिंगला ते आपल्यासाठी हवं होतं: अवाढव्य, निर्मनुष्य, विसेंट आणि हरणांनी भरलेलं. शेर्पिंगवर त्याची जबाबदारी आली आणि तिथल्या वनप्रशासनाची सूत्रं फ्रेव्हर्टच्या हाती दिली गेली. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात 322 क्रमांकाच्या पोलीस तुकडीने जंगलातली गावं रिकामी करायला घेतली. तीसहून अधिक गावं, सहा हजारांहून अधिक माणसं. आवरायला मोजका वेळ, गाडीत मावेल तेवढं सामान, आणि मागे घरांना आग. ऑगस्टमध्ये बियाओव्हिएझा गावातल्या ज्यू पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या. बायकामुलांना कोब्रिन गावाच्या दिशेने हाकललं गेलं. जर्मनांनी याला सुरक्षेचं कारण दिलं. गावं असली तर जंगलात लपणाऱ्या बंडखोरांना अन्न मिळेल, म्हणून गावं नकोत. हे कारण खोटं नव्हतं. पण एकमेव कारणही नव्हतं. शिकारीचं राखीव रान हवं असलेला वनाधिकारी आणि बंडखोर संपवायचे असलेला पोलीस अधिकारी या दोघांना एकच नकाशा हवा होता, आणि तो दोघांनी मिळून काढला. त्यानंतरच्या महिन्यांत त्या रिकाम्या केलेल्या पट्ट्यात जो सापडेल तो आपोआप शत्रू ठरत गेला.

आता ती डहाळी पुन्हा आठवा. मेलेल्या हरणाला शेवटचा घास द्यायला पाच वर्षांपूर्वी ज्याने शिकवलं तोच हा माणूस. कुठल्या बाजूला वळवायचं, कुठल्या झाडाची डहाळी, किती मोठी, हे ठरवताना ज्याने मेलेल्या जनावराच्या प्रतिष्ठेचा इतका विचार केला, त्याच्या अखत्यारीतल्या जंगलात माणसांना ना वेळ मिळाला, ना विधी, ना नाव. मला हा ढोंगीपणा वाटत नाही. ढोंगी माणूस आतून एक आणि बाहेरून एक असतो. फ्रेव्हर्टचं हरणांवरचं प्रेम खरं होतं असंच मी मानतो, आणि मला भीती त्याचीच वाटते. जनावरावर जीव लावणारा माणूस क्रूर असूच शकत नाही, अशी आपल्या मनात एक भाबडी समजूत घर करून असते. ती समजूत घेऊन आपण कितीतरी माणसांना न तपासता पास करतो.

युद्ध हरल्यावर काय झालं, तो भागही तितकाच महत्त्वाचा आहे. 1944 च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत फौजा रोमिन्टेनला येऊन भिडल्या, गोअरिंगचं शिकारगृह जाळण्यात आलं, जर्मन वस्ती पळाली. ते जंगल आज रशिया आणि पोलंड यांच्यात वाटलं गेलं आहे. फ्रेव्हर्ट पश्चिमेला आला आणि काही वर्षांनी पुन्हा सरकारी वनसेवेत लागला. ब्लॅक फॉरेस्टमधल्या काल्टेनब्रोन या जुन्या राजेशाही शिकाररानाचा कारभार त्याच्याकडे आला, आणि जुन्या राजवटीच्या सर्वोच्च शिकाऱ्याची बडदास्त ठेवणारा तो आता लोकशाही राष्ट्राच्या परदेशी पाहुण्यांच्या शिकारीची व्यवस्था पाहू लागला. शेर्पिंग तर शिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कारभारातच परत आला. 1957 साली फ्रेव्हर्टचं रोमिन्टेनवरचं पुस्तक आलं आणि ते प्रचंड वाचलं गेलं. पुढे आणखी पुस्तकं आली. 1962 च्या जुलैत शिकारीवर असताना गोळी लागून तो गेला.

ते पुस्तक इतकं का वाचलं गेलं, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्यावर रागावणं सोपं आहे. युद्धाच्या अखेरीस आणि नंतर पूर्वेकडून एक कोटीहून अधिक जर्मन घरदार सोडून पळाले किंवा हाकलले गेले. पूर्व प्रशिया नकाशावरून गेला. नव्या शहरात, दुसऱ्याच्या खोलीत राहणाऱ्या त्या माणसांसाठी हे पुस्तक म्हणजे हरवलेल्या गावाचा वास होता: धुकं, दलदल, डुरकणारी हरणं, ओळखीच्या वाटा. आपल्याकडे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना सिंधूचं नाव काढलं की काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे कळेल. त्या वाचकांच्या अश्रूंबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या अश्रूंना शब्द देणाऱ्या लेखकाला गाव गमावणं म्हणजे काय हे दोन्ही बाजूंनी माहीत होतं. एकदा त्याचं स्वतःचं जंगल गेलं. त्याआधी तीन वर्षं, त्याच्या कारभाराखालच्या जंगलातून हजारो माणसांची गावं गेली. पहिल्यावर त्याने पुस्तक लिहिलं. दुसऱ्याचा हिशेब त्याने वाचकांना कधीच दिला नाही.

जर्मन वन-इतिहासाच्या अभ्यासकांनी नाझी काळातल्या वनखात्याच्या फायली उघडायला 1980 चं दशक उजाडलं. त्यानंतर फ्रेव्हर्टचं सविस्तर चरित्रही आलं, वादही झाले. तरीही त्याच्या बाजूने दोन युक्तिवाद पुन्हा पुन्हा होतात, आणि दोन्ही मला अमान्य आहेत.

पहिला: तो काळच तसा होता, तो हुकमाचा ताबेदार होता. मग त्याच काळातल्या, त्याच खात्यातल्या माणसांनी त्याचं मूल्यमापन करावं असं म्हणायला हवं; पण हुकूम मानणाऱ्यांनी हुकूम मानणाऱ्याला निर्दोष ठरवणं याला मूल्यमापन म्हणता येत नाही. शिवाय फ्रेव्हर्ट हा फायली पुढे सरकवणारा कारकून नव्हता. ज्या जंगलाची जबाबदारी त्याने घेतली त्याचा आराखडाच माणसांवाचून होता. असं रान त्याला आवडणारंही होतं.

दुसरा युक्तिवाद अधिक फसवा आहे: राजकारण बाजूला ठेवा, शिकारीचं साहित्य शिकारीचं साहित्य म्हणून वाचा. निसर्गलेखनाला ही सवलत आपण फार सहज देतो. कवीचं राजकारण तपासतो, इतिहासकाराचं तपासतो, पण पक्षी आणि हरणांवर लिहिणारा आपल्याला जगाच्या बाहेर बसलेला वाटतो. वास्तविक जंगल ही जमीन आहे. जमीन म्हटली की मालकी, हद्द, चराई, वाट आणि बेदखली आली. ज्या पुस्तकात जंगल आहे आणि माणूस नाही, त्या पुस्तकाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की माणसं गेली कुठे.

याच्या उलट टोकाची मंडळी म्हणतात, फ्रेव्हर्ट आला की सगळं टाकून द्या. रीती टाका, डहाळी टाका, 1934 च्या कायद्यातून आलेलं कलमन्‌कलम काढा. मला हेही पटत नाही. फ्रेव्हर्टने हान्नोव्हर कुत्र्यांवर जे काम केलं ते उत्तम होतं. जायबंदी जनावराच्या मागे लगेच धावू नये, काही तास थांबावं, म्हणजे ते जवळच बसतं. मग शांत, शिकवलेला कुत्रा लांब दोरीवर घेऊन रक्ताचा माग काढावा आणि त्याचे हाल संपवावेत, ही शिस्त आजही योग्य आहे. हरणावर छऱ्यांचा बार टाकू नये हा नियम कुणी मंजूर केला यावरून तो चुकीचा ठरत नाही. गोष्टीचा उगम आणि गोष्टीचं मोल या दोन वेगळ्या चौकश्या आहेत. दुसऱ्या चौकशीत उतरलेलं ठेवावं. पण पहिली चौकशी झाकून ठेवावी असा त्याचा अर्थ होत नाही.

महाराष्ट्रात बसून या जर्मन माणसाचा एवढा विचार का करायचा, असं कुणी विचारेल. आपल्या जंगलखात्याची कुंडली पाहिली की उत्तर मिळतं. हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर जनरल डिट्रिश ब्रँडिस हे बॉनचे. ते 1864 मध्ये त्या पदावर आले. त्यांच्यानंतरचे श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. झाडं मोजण्याची, जंगलाचे कप्पे पाडण्याची, पुढच्या पन्नास वर्षांच्या तोडीचा आराखडा आखण्याची जी विद्या आपल्या वनाधिकाऱ्यांनी शिकली तिचं माहेर जर्मनी. ब्रँडिस आणि फ्रेव्हर्ट यांना एका तराजूत घालणं हा ब्रँडिस यांच्यावर घोर अन्याय होईल. गावांना स्वतःची जंगलं असावीत असा आग्रह धरणारे ते होते. पण 1878 च्या कायद्यात तो आग्रह टिकला नाही. डोंगर, कुरणं, गायरानं सरकारी हद्दीत गेली. अवघ्या पाच वर्षांनी, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्याच जंगलखात्यावर कोरडे ओढले: शेतकऱ्याची गुरं जिथे पिढ्यान्‌पिढ्या चरली तिथे आता त्यांना पाय टाकायची सोय राहिली नाही. जंगल माणसांपासून वाचवायचं असतं, आणि वाचवणारा कुणीतरी बाहेरचा शहाणा असतो, या कल्पनेला इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे कुणीतरी मराठीत नाव ठेवलं होतं, याचा मला अभिमान आहे.

मेळघाटातून कोरकूंची गावं हलवली गेली त्याची तुलना मी बियाओव्हिएझाशी करत नाही. पोलीस तुकडी आणि पुनर्वसनाचं पॅकेज, हत्या आणि नुकसानभरपाई, यांतला फरक पुसणारा माणूस दोन्हीकडच्या माणसांचा अपमान करतो. आपल्याकडे 2006 चा वनहक्क कायदा आहे, ग्रामसभेच्या संमतीची अट आहे, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवलेला आहे. वाघ वाचवायलाच हवा, आणि काही गावं स्वतःहून रस्ता, शाळा, दवाखाना जवळ करायला बाहेर येतात हेही खरं. मी जर्मनीहून घेऊन येतो तो एकच प्रश्न: संमती खरी होती का, हे कोण तपासतं? जंगलावर प्रेम करणारा माणूस तपासणार असेल तर मला ते पुरेसं वाटत नाही. त्याचं प्रेम त्याला या एका बाबतीत आंधळं करू शकतं, याचा पुरावा रोमिन्टेनच्या त्या वनाधिकाऱ्याने ठेवलेला आहे.

आणि आपण वाचक म्हणून? मराठीत जंगलावर मनापासून लिहिणाऱ्यांची एक सुंदर परंपरा आहे. त्यात वनखात्यात हयात घालवलेली माणसंही आहेत. मी त्यांच्या पुस्तकांवर वाढलो. त्यांच्या पानांवर वाटाड्या म्हणून येणारा, माग ओळखणारा, पाखराचं नाव सांगणारा गोंड किंवा कोरकू माणूस मला लहानपणी जंगलाचाच एक भाग वाटायचा, ऐनाच्या झाडासारखा. त्याचं घर त्या हद्दीत आहे की हद्दीबाहेर, तो त्या जंगलातून मोळी नेऊ शकतो का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आता ती पुस्तकं पुन्हा वाचताना सुचतं, आणि त्याने पुस्तकावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. उलट काही लेखकांनी तो प्रश्न मुळातच विचारलेला होता, मीच त्यावरून घाईने पुढे गेलो होतो, असंही आढळतं.

फ्रेव्हर्टची पुस्तकं जाळू नयेत, दुकानातून हटवू नयेत असं मला वाटतं. पण ज्या प्रकाशकाला ती छापायची आहेत त्याने रोमिन्टेनच्या धुक्याआधी काही पानं द्यावीत: 1941 च्या जुलैतल्या गावांची नावं, माणसांची संख्या, पोलीस तुकडीचा क्रमांक, आणि त्या वेळी या लेखकाचं पद. हरणांचं वर्णन वाचायला आलेल्या वाचकाला ती पानं ओलांडूनच पुढे जाता यावं.

जर्मनीत आज चार लाखांहून अधिक परवानाधारक शिकारी आहेत. त्या प्रत्येकाला परीक्षा द्यावी लागते. ती इतकी कठीण मानतात की लोक तिला ‘हिरवी मॅट्रिक’ म्हणावं तसं नाव देतात. बंदुका, कायदा, प्राण्यांचे रोग, वनस्पती, कुत्रे, आणि रीतीभाती. मेलेल्या हरणाला कुठल्या कुशीवर ठेवायचं, कुठल्या झाडांच्या डहाळ्या चालतात, शेवटचा घास कुठे ठेवायचा, हे त्या परीक्षेत विचारतात. त्या प्रश्नांच्या खालीच आणखी एक प्रश्न असावा, दोन गुणांचा असला तरी चालेल: हे नियम ज्याने लिहून काढले तो माणूस 1941 च्या जुलैत कुठल्या जंगलाचा अधिकारी होता, आणि त्या महिन्यात त्या जंगलात किती गावं होती?